आधी गोधडी, मग मायक्रोफोन

मुलांनो, तुम्ही स्वतःचाच आवाज कधी रेकॉर्ड करून ऐकलाय? पहिल्यांदा ऐकलात तेव्हा काय वाटलं? "शी! हा काय माझा आवाज आहे?" असंच ना? आमच्या वर्गात दर वर्षी हेच होतं. बाकीचे सगळे म्हणतात, "अरे, तुझाच तर आहे!" आणि ज्याचा आवाज असतो तो एकटाच नकारार्थी मान हलवत राहतो. याचं कारण सोपं आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट हवेतून कानात, आणि दुसरी डोक्याच्या हाडांतून थेट कानाच्या आत. हाडांतून येणारा आवाज जरा भारदस्त, खालच्या पट्टीतला असतो. यंत्र मात्र फक्त हवेतला आवाज पकडतं. म्हणजे लोक तुम्हाला जसं ऐकतात, तसं तुम्ही स्वतःला पहिल्यांदाच ऐकता!

एकदा ही गंमत कळली, की मग चैन पडत नाही. कुणाला कविता म्हणून साठवायची असते, कुणाला पोवाडा, कुणाला स्वतः लिहिलेली गोष्ट. आणि मग घरात एक शब्द घुमायला लागतो : 'स्टुडिओ'. "बाबा, आपण घरी स्टुडिओ करू या ना!" बाबा दचकतात. साहजिकच आहे. पण मुलांनो (आणि बाबांनो, आईंनो, तुम्हीसुद्धा), दचकण्याआधी हे सगळं प्रकरण आहे तरी काय, ते जरा समजून घेऊ या.

माईकमध्ये एक अगदी पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवा थरथरते, तिच्याबरोबर तो पडदा थरथरतो, आणि त्या थरथरीची वीज होते. पुढे एक छोटंसं यंत्र त्या विजेची उंची मोजत बसतं. एका सेकंदात किती वेळा मोजतं, सांगा बघू? शंभर? हजार? नाही. ४४,१०० वेळा! हा आकडा १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि कुठलंही कंपन नीट टिपायचं तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणून हा आकडा. प्रत्येक मोजणी कुठल्या पायरीवर बसते तेही लिहून ठेवतात. सीडीच्या पद्धतीत अशा ६५,५३६ पायऱ्या असतात. आवाजाचे असे आकडे करून ठेवले की झालं डिजिटल रेकॉर्डिंग.

आता हिशेब करा. एका माईकचं असं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग सुमारे ५ एमबी होतं. तासाभराचं सव्वातीनशे एमबीच्या आत. म्हणजे ३२ जीबीच्या नखाएवढ्या कार्डावर जवळजवळ शंभर तास मावतात! आणि हे मोजण्याचं काम करणारं यंत्र तुमच्या घरातल्या साध्या मोबाईलमध्ये आधीच बसलेलं आहे. तेव्हा 'घरी स्टुडिओ नाही' असं म्हणताना जरा थांबा. अर्धा स्टुडिओ आईच्या पर्समध्ये आहे.

मग उरलेला अर्धा कुठे आहे? तो विकत आणायचा, की शोधायचा? याचं उत्तर मला एका मुलामुळे नीट सापडलं. त्याचीच हकीकत सांगते.

सातवीतला एक मुलगा. नाव नाही सांगत, तो लाजेल. त्याचे वडील एके दिवशी मधल्या सुटीत शाळेत आले. खिशातून वहीचं एक पान काढून म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. पोरगं म्हणतंय एवढं सामान पायजे. दोन शेळ्या काढल्या तर भागंल. घेऊ का?"

मी पान पाहिलं. पोराच्याच अक्षरात यादी होती. कंडेन्सर माईक, ऑडिओ इंटरफेस, स्टँड, हेडफोन, भिंतीला लावायचा फोम, सॉफ्टवेअर. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून लिहिलेली. बेरीज पंचवीस हजारांच्या वर. मुलाला बोलावून विचारलं, "कशाला रे हवंय हे?" मला वाटलं, गाणी म्हणायची असतील. तर तो खाली बघत म्हणाला, "आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्यात, बाई. तिला पुष्कळ येतात. पण आता मधल्या मधल्या विसरायला लागलीय."

मी गप्प झाले. इथे दोन गोष्टी पणाला लागल्या होत्या. एकीकडे घरचं दूध आणि अडीअडचणीला उपयोगी पडणाऱ्या दोन शेळ्या, आणि दुसरीकडे आजीची आठवण, जी कुणासाठी थांबणार नव्हती. पैसे जमवण्यात सहा महिने घालवले तर आजी आणखी किती विसरेल? आणि घाईने सामान घेतलं आणि ते नीट जमलंच नाही तर?

मी म्हटलं, "दादा, शनिवारी सकाळच्या शाळेला या. शेळ्या काढायच्या की नाही, ते वर्गच ठरवील."

माझा एक चुलतभाऊ शहरात असतो. तो घरबसल्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. त्याचा चांगला यूएसबी माईक मी दोन दिवसांसाठी मागून आणला. शनिवारी आम्ही एकच उतारा त्या मुलाकडून तीन वेळा वाचून घेतला. पहिल्यांदा पत्र्याच्या पडवीत, चांगला माईक बाकावर आणि मुलगा चार हात लांब. दुसऱ्यांदा तिथेच, तेवढ्याच अंतरावरून, पण माझ्या मोबाईलवर. तिसऱ्यांदा शाळेच्या सामानाच्या खोलीत. तिथे सतरंज्या रचलेल्या होत्या. मुलांनी घरून आणलेल्या चार गोधड्या आम्ही दोरीवर टांगल्या. मोबाईल तोच, पण तोंडापासून फक्त एक वीत लांब.

मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तिन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. "कुठलं छान?" जवळजवळ सगळे हात तिसऱ्याला वर गेले. मोबाईलला! महागड्या माईकच्या रेकॉर्डिंगबद्दल एक चिमुरडी म्हणाली, "बाई, हा विहिरीत बोलतोय."

अगदी बरोबर बोलली ती. पत्रा आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. त्यामुळे माईकला मुलाचा आवाज एकदा आणि त्याचे पडसाद दहादा ऐकू येतात. गोधडी मात्र आवाज पिऊन टाकते. दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर चौथाई होतो. चौपट झालं की सोळावा हिस्सा! खोलीतला पडसाद मात्र तुम्ही लांब गेलात म्हणून कमी होत नाही. म्हणजे लांब जाल तसा तुमचा आवाज लहान आणि खोलीचा आवाज मोठा.

खरं तेही सांगायला हवं. शेवटी आम्ही चांगला माईकही त्या गोधड्यांच्या खोलीत नेऊन एक वीत अंतरावर ठेवला. तेव्हा तो मोबाईलपेक्षा सरस ठरलाच. आवाजात भरीवपणा आला. पण माईक बदलल्यामुळे जेवढा फरक पडला, त्यापेक्षा खोली आणि अंतर बदलल्यामुळे कितीतरी जास्त पडला होता. वडील हसून म्हणाले, "म्हंजे गोधड्यांचंच काम हाय की!"

तेव्हा मुलांनो, खर्चाचा क्रम लक्षात ठेवा. पहिल्या पायरीला खर्च शून्य. घरातली सर्वांत शांत, सर्वांत भरलेली खोली शोधा. गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असेल तर उत्तम. पंखा बंद. फ्रीजपासून दूर. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या रंगलेल्या ओळीवर मावशीचा फोन येईल! एक मात्र ध्यानात घ्या. गोधडी खोलीतला पडसाद पिते, पण बाहेरचा आवाज अडवत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी ती थोपवू शकत नाही. त्यासाठी वेळ निवडायची. पहाटे पाच-साडेपाचला गाव जसा शांत असतो तसा पुन्हा दिवसभरात नसतो.

आता एक प्रयोग करा. तळहात तोंडासमोर धरा आणि म्हणा, "पपई, फणस, भाकरी." हवेचा झोत जाणवला? तो झोत माईकच्या पडद्यावर आदळला की 'भप्' असा दणका बसतो. आपल्या मराठीत ख, फ, भ असली महाप्राण अक्षरं पुष्कळ, म्हणून आपण जास्त सांभाळायचं. माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला धरा. किंवा आईच्या भरतकामाच्या रिंगीत जुन्या पातळ ओढणीचा तुकडा ताणून बसवा आणि ती रिंग माईकसमोर धरा. विकतची जाळी याहून वेगळं काही करत नाही.

दुसरी पायरी थोड्या खर्चाची. कॉलरला किंवा पदराला लावायचा चिमट्याचा तारवाला माईक मिळतो. बरा माईक हजार रुपयांच्या आसपास येतो. त्याचा मोठा गुण असा, की तो बोलणाऱ्याच्या जवळच राहतो. अंतराचा प्रश्नच मिटला. घेताना मात्र त्याची पिन नीट पाहा. गोल पिनेवर काळ्या रेघा असतात. मोबाईलसाठीच्या पिनेवर बहुधा तीन असतात. दोनच रेघा असल्या तर बहुतेक मोबाईल तो माईक ओळखत नाहीत. शिवाय पुष्कळ नव्या मोबाईलना गोल भोकच नसतं. तिथे टाईप-सी पिनेचा माईक किंवा जोडणी घ्यावी लागते. दुकानात आपला फोन घेऊनच जा, तिथेच लावून बघा आणि मगच पैसे द्या. ऐकायला कान झाकणारा साधा तारेचा हेडफोन पुरतो. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे स्वतःचं ऐकत गायचं असेल तर ताल चुकतो.

आणि सॉफ्टवेअर? घरात किंवा शाळेत संगणक असेल तर ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी १९९९ साली ते लिहायला घेतलं आणि २००० साली सगळ्या जगासाठी खुलं केलं. ते फुकट आहे, आणि तरीही चोरीचं नाही! विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. आवाज कापायचा, जोडायचा, लहानमोठा करायचा, सगळं त्यात होतं. ॲपलची यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं. आणखी खोलात शिरायचं असेल तर रीपर आहे. ते साठ दिवस पूर्णपणे वापरून पाहता येतं, मग घरगुती वापरासाठी साठ डॉलर मोजावे लागतात. पण कुणी "महागडं सॉफ्टवेअर फोडून देतो" म्हणालं तर घेऊ नका. ती चोरी तर आहेच, शिवाय त्याबरोबर संगणकात काय काय घुसेल याचा भरवसा नाही.

रेकॉर्ड करताना पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. त्या वरच्या कडेला टेकता कामा नयेत. वाटी काठोकाठ भरली की वरचं दूध सांडतं, तसा कडेबाहेरचा आवाज सांडतो. तो पुन्हा भरता येत नाही, फाटका आवाज फाटकाच राहतो. म्हणून वाटी थोडी रिकामी ठेवायची. हळू आवाज नंतर मोठा करता येतो. आणि सुरुवातीला पाच सेकंद अगदी गप्प राहा. त्या शांततेत खोलीची जी बारीक घरघर येते, तिचा नमुना घेऊन ऑडॅसिटी ती सगळीकडून कमी करू शकतं. पण हातचं राखून! जास्त पुसलं तर माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

मग महागडं सामान कधीच घ्यायचं नाही का? तसं नाही. कंडेन्सर माईक फार हळवा असतो, बारीकसारीक सगळं टिपतो. व्यावसायिक कंडेन्सरला तारेतून ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते, ती इंटरफेस नावाची पेटी पुरवते. पण गजबजलेल्या घरात हाच हळवेपणा नडतो. त्याला चौथ्या घरातलं कुत्रंही ऐकू येतं! गावच्या भजनी मंडळाकडे असतो तो जाळीच्या गोळ्याचा डायनॅमिक माईक अशा घरात पुष्कळदा बरा. तो तोंडाजवळ धरायचा असतो आणि लांबचं फारसं ऐकत नाही. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा याच जातीचा प्रसिद्ध माईक १९६६ सालापासून आजतागायत विकला जातोय. तोही संगणकाला जोडायला इंटरफेस लागतेच. पेटी आणि तबला वेगवेगळ्या माईकवर एकाच वेळी घ्यायचे असतील तर दोन माईकची इंटरफेस लागेल. ज्या दिवशी तुम्हाला नेमकं सांगता येईल, की 'आमचं अमुक काम या सामानाशिवाय अडलंय', त्या दिवशी खुशाल खरेदीचा विचार करा. 'व्हिडिओत होतं म्हणून' हे काही कारण नव्हे.

आता आजींचं सांगते. वडिलांनी शेळ्या काढल्या नाहीत. एक चिमट्याचा माईक आणला, बस्स. एका रविवारी पहाटे मी त्यांच्या घरी गेले. आजींना खुर्चीवर बसवलं, माईक पदराला लावला, आणि मी म्हटलं, "आजी, म्हणा ओवी." आजींना काही आठवेना. दोन ओळी म्हणत, थांबत, कपाळाला हात लावत. शेवटी वैतागून म्हणाल्या, "आगं बाई, खुर्चीवर बसून कुठं ओवी येती व्हय? जात्याला हात लागला की ती आपसूक येती!"

मग काय, कोपऱ्यातलं जातं पुढे ओढलं. जमीन थरथरू नये म्हणून खाली गोधडी दुमडून घातली. मूठभर ज्वारी टाकली. आजींनी खुंटा धरला, दोन फेरे झाले, आणि ओव्या सुरू झाल्या. एकीमागून एक, न थांबता. नातवाने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. या ओव्यांमधली जात्याची घरघर आम्ही पुसली नाही. तो गोंगाट नव्हता, ते आजींचं वाद्य होतं. नंतर आम्ही त्यांना ऐकवलं. मला वाटलं, त्या गहिवरतील. तर म्हणाल्या, "ती माहेरची चुकली. परत घे."

ओव्या अशा जपणारे आपण पहिले नाही, बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. आज हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयात ऐकायला मिळतो. पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती तुम्हीच घ्यायला हवी.

आणि घेतल्यावर जपायला हवी! १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रित झालं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत, म्हणून तबकडीवरचा कागद फाटला तरी आवाज कुणाचा ते कळतं. तुम्हीही सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख तोंडाने सांगा. ज्यांचा आवाज घ्यायचा त्यांना आधी विचारा, आणि कुणाला ऐकवणार तेही सांगा. शक्य असेल तर 'वेव्ह' प्रकारची फाईल ठेवा. एमपीथ्री फाईल लहान असते, कारण तिने काही बारकावे टाकून दिलेले असतात. कुणाला पाठवायला ती ठीक, पण मूळ प्रत वेव्हचीच. मूळ प्रतीला कधी कात्री लावू नका, कापाकापी नेहमी नकलेवर करा. आणि तीन प्रती ठेवा : एक घरात, एक पेनड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. मोबाईल पाण्यात पडायला वेळ लागत नाही.

पालकांना एकच विनंती. मुलाने यादी पुढे केली तर लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच 'हो'ही म्हणू नका. "कुणाचा आवाज घ्यायचाय?" एवढं विचारा. त्या उत्तरावरून काय घ्यायचं आणि काय नाही ते आपोआप उलगडतं.

आणि मुलांनो, तुम्ही येत्या रविवारी एवढंच करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. पंखा बंद करा, मोबाईल एक वीत अंतरावर ठेवा आणि विचारा, "तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा शाळेत कसे जायचात?" मग तुम्ही गप्प बसा. रेकॉर्डिंगमधलं सगळ्यांत अवघड काम तेच आहे!